अळिंबीला हवा किती आणि कशी?

1. लांब देठ, चिमुकली टोपी

घरी धिंगरी अळिंबी लावणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. काड भरलेली पिशवी बुरशीच्या तंतूंनी पांढरीशुभ्र झाली, कोंबही भरपूर फुटले, मग रुंद, पसरट टोप्यांऐवजी बोटभर लांब देठ आणि त्यांच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढ्या टोप्या का आल्या? दोष बहुधा बियाण्याला, म्हणजे स्पॉनला, दिला जातो. काही जण पाणी वाढवतात, काही पुढच्या वेळी काड बदलतात. खरे कारण बहुतेक वेळा हवेत असते. अळिंबीच्या भोवती तिनेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड, सोयीसाठी पुढे त्याला कर्बवायू म्हणू, साचलेला असतो आणि तो बाहेर जाण्याची सोय केलेली नसते.

धिंगरी मुळात वाळलेल्या, कुजणाऱ्या लाकडावर येणारी. लाकडाच्या आत बुरशीचे तंतू वर्षानुवर्षे पसरत राहतात आणि अनुकूल वेळ आली की बाहेर अळिंबी येते. या अळिंबीचे काम एकच, बीजाणू वाऱ्यावर सोडणे. टोपीच्या खालच्या बाजूला जे पातळ पडदे दिसतात, त्यांच्यावर बीजाणू तयार होतात आणि तिथून खाली गळतात. वाऱ्यापर्यंत पोचले तरच त्यांचा उपयोग. कोंब एखाद्या भेगेत किंवा ढोलीत फुटला, तर तिथे कर्बवायू साचलेला असतो. अशा हवेत टोपीची वाढ खुंटते आणि देठ वाढत राहतो, म्हणजे टोपी भेगेबाहेर पोचण्याची शक्यता वाढते. मोकळ्या हवेत आल्यावर टोपी पसरते. घरातल्या बंद खोलीत किंवा प्लास्टिकच्या तंबूत मोकळी हवा येतच नाही, आणि देठ नुसता लांबत जातो.

जपानमध्ये या स्वभावाचा उपयोग करून घेतात. बाजारात पांढऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक देठांच्या जुडीत मिळणारी एनोकी अळिंबी बाटल्यांत वाढवतात. बाटलीच्या तोंडाभोवती कागदाची किंवा प्लास्टिकची गुंडाळी लावून कर्बवायू मुद्दाम अडवतात, उजेड आणि तापमानही कमी ठेवतात. तीच अळिंबी रानात बुटक्या देठाची आणि तपकिरी, रुंद टोपीची असते. औषधी म्हणून वाढवल्या जाणाऱ्या रेशी अळिंबीचेही तसेच. कोंदट हवेत तिला फांद्या फुटतात, मोकळ्या हवेत पसरट टोपी येते. हवा ही अळिंबीचा आकार ठरवणारी गोष्ट आहे, आणि ती वाढवणाऱ्याच्या हातात असते.

2. काड खाताना काय बाहेर पडते

झाडे दिवसा कर्बवायू घेतात आणि प्राणवायू सोडतात. बुरशीच्या अंगात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती उलट बाजूची, माणसाच्या बाजूची. ती काडातले सेल्युलोज आणि लिग्निन मोडते, प्राणवायू घेते आणि कर्बवायू, पाणी व उष्णता बाहेर टाकते. अळिंबीला उजेड लागतो तो अन्न बनवण्यासाठी लागत नाही, कुठल्या दिशेने वाढायचे आणि टोपी कधी उघडायची हे कळण्यासाठी लागतो.

किती कर्बवायू सुटतो, याचा अंदाज कागदावर बांधता येतो. 1 ग्रॅम सेल्युलोज पूर्णपणे वापरले गेले की सुमारे 1.6 ग्रॅम कर्बवायू तयार होतो. 25 अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान साधारण 0.9 लिटर भरते. समजा पिशवीत 1 किलो कोरडे काड आहे आणि दीड महिन्यात त्यातले 300 ग्रॅम बुरशीने श्वासोच्छ्वासात खर्च केले. म्हणजे एकूण 270 लिटर कर्बवायू झाला. 45 दिवसांनी भागले तर दिवसाला 6 लिटर, तासाला पाव लिटर. वाढ जोरात असताना, विशेषतः कोंब फुटून टोप्या भरत असताना, हा वेग दुप्पट धरावा. एका पिशवीमागे तासाला अर्धा लिटर ही या प्रकरणातली पायाची संख्या आहे आणि पुढचे हिशेब तिच्यावर उभे आहेत.

माणूस स्वस्थ बसला असताना तासाला साधारण 15 लिटर कर्बवायू सोडतो. म्हणजे एक माणूस भरात असलेल्या 30 पिशव्यांच्या बरोबरीचा. घरातल्या चार-पाच पिशव्यांमुळे माणसांची हवा बिघडेल ही भीती त्यामुळे अनाठायी आहे. मात्र चौघे जण झोपतात ती दारे-खिडक्या बंद असलेली खोली पिशव्यांसाठी वाईट. बीजाणूंमुळे ती माणसांसाठीही वाईट, त्याविषयी शेवटी.

3. आधी कोंडलेली, मग मोकळी हवा

हवेचे व्यवस्थापन अवघड वाटते याचे मोठे कारण हे की बुरशीला दोन टप्प्यांत एकमेकांच्या उलट हवा लागते.

पहिला टप्पा पिशवी भरल्यापासून ती पूर्ण पांढरी होईपर्यंतचा, साधारण 15 ते 20 दिवसांचा. या काळात तंतू काडात पसरत असतात. बाहेरच्या हवेत कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असते. या मापाला पीपीएम म्हणतात. तंतू पसरत असताना पिशवीतले प्रमाण 5,000 ते 20,000 पीपीएम असले तरी धिंगरीचे काही बिघडत नाही, उलट ती जोमाने पसरते. काडात असणाऱ्या इतर अनेक बुरश्यांना ही हवा तितकी मानवत नाही, हा वरचा फायदा. म्हणून या दिवसांत खोलीच्या खिडक्या सताड उघडण्याची, पंखा लावण्याची किंवा पिशवी सोडून आत डोकावण्याची काही गरज नसते.

तरीही पिशवीला भोके हवीतच. प्राणवायू अजिबात न मिळाल्यास बुरशी थांबते आणि त्याशिवाय जगणारे जिवाणू काडाचा ताबा घेतात. पिशवीतून आंबूस, कुजट वास येणे ही त्याची खूण. 18 बाय 24 इंचांच्या पिशवीला पाच मिलिमीटर ते एक सेंटिमीटरची दहा-पंधरा भोके चहूबाजूंनी पाडली की पुरते. दोन भोके अगदी तळाशी असावीत, म्हणजे निथळलेले पाणी तिथे साचत नाही.

भोकांपेक्षा जास्त महत्त्व काडाच्या ओलीला आहे, आणि इथे चूक फार होते. काडाच्या तुकड्यांमधल्या पोकळीतूनच हवा आत-बाहेर करते. ती पोकळी पाण्याने भरली तर बाहेर कितीही भोके पाडा, आतल्या तंतूंना हवा मिळत नाही. भिजवून, उकळत्या पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया दिलेले काड निथळायला पसरावे आणि पिशवी भरण्याआधी एक मूठ घट्ट पिळून पाहावी. तळवा ओला व्हावा, पण बोटांच्या फटींतून थेंब गळू नये. थेंब गळत असतील तर काड आणखी तासभर पसरून ठेवलेले बरे. भरताना काड हाताने दाबून बसवावे, पायाने चेपू नये.

या टप्प्यात खेळती हवा लागते ती उष्णतेसाठी. तंतूंच्या श्वासोच्छ्वासाने पिशवीचा गाभा खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी गरम राहतो. पिशव्या एकमेकींना चिकटवून किंवा एकीवर एक रचल्या तर ही उष्णता अडकते. खोली 30 अंशांवर असताना गाभा 34-35 अंशांवर जातो आणि तिथे धिंगरीचा जोर ओसरून हिरव्या बुरशीला वाट मिळते. दोन पिशव्यांत वीतभर अंतर ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

पिशवी सगळीकडून पांढरी झाली की दुसरा टप्पा सुरू होतो. प्लास्टिक कापून काढतात, किंवा त्यावर उभ्या चिरा देतात, आणि त्याबरोबर हवेची मागणी पालटते. आता कर्बवायू 1,000 पीपीएमच्या आत हवा. प्रमाण घटणे, ताज्या हवेबरोबर तापमान थोडे उतरणे आणि पृष्ठभागावरून थोडे पाणी उडणे, या तिन्हींनी मिळून बुरशीला अळिंबी धरण्याचा इशारा मिळतो. चार ते सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात. वाढवणारे त्यांना पिनहेड म्हणतात. प्लास्टिक कापल्यापासूनचे हे आठ-दहा दिवस हवेच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक.

4. किती हवा? काडाच्या वजनावरून

पुस्तकांत आणि प्रशिक्षणाच्या टिपणांत एक सल्ला हमखास असतो: अळिंबी येण्याच्या काळात खोलीतली हवा तासाला चार ते आठ वेळा बदलावी. व्यावसायिक शेडसाठी तो योग्य आहे. घरी दोन-चार पिशव्या ठेवणाऱ्याने तो तसाच पाळला तर पिशव्या वाळून जातील. असे का, ते हिशेबाने पाहू.

10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीत सुमारे 28 घनमीटर हवा मावते. तिच्यात 1 किलो कोरड्या काडाच्या 20 पिशव्या आहेत. भरात असताना त्या तासाला 10 लिटर कर्बवायू सोडतात. आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेत 420 पीपीएम आधीच आहे, मर्यादा 1,000 ची, म्हणजे घनमीटरमागे 580 पीपीएमची, 0.58 लिटरची जागा शिल्लक. 10 लिटर बाहेर नेण्यासाठी तासाला 17 घनमीटर ताजी हवा लागेल. 28 घनमीटरच्या खोलीत याचा अर्थ तासाला एकदाही पूर्ण हवा बदलावी लागत नाही, अर्ध्याहून थोडी जास्त बदलली की पुरे.

त्याच खोलीत मांडण्यांवर 200 पिशव्या लावल्या तर तासाला 170 घनमीटर, म्हणजे सहा वेळा हवा बदलावी लागेल. पुस्तकातला आकडा अशा दाटीच्या शेडसाठी आहे. आता दुसरे टोक पाहू. बरेच जण एकच पिशवी प्लास्टिकच्या झाकलेल्या टबात किंवा छोट्या तंबूत ठेवतात. 200 लिटरच्या तंबूत एका पिशवीला तासाला 0.86 घनमीटर, म्हणजे 860 लिटर हवा हवी, अर्थात तासाला चार वेळांहून अधिक बदल. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून वर्तमानपत्राने वारा घातला तर ती हवा पाऊण तासदेखील टिकत नाही, अर्ध्या तासाच्या आतच मर्यादा ओलांडली जाते. तंबूत अळिंबीचे देठ लांबतात ते यामुळे.

खोली कितीही लहान-मोठी असो, कामाला येणारा नियम एकच: 1 किलो कोरड्या काडामागे तासाला साधारण 1 घनमीटर ताजी हवा. आकडा थोडा उदार आहे आणि तो तसाच असावा.

एरवीच्या घरातल्या खोलीत दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून आणि माणसांच्या ये-जा करण्यातून काही हवा आपोआप बदलतच असते. पाच-सहा पिशव्यांना ती बहुधा पुरते. अशा घरांत पिकाचे नुकसान कर्बवायूपेक्षा कोरड्या वाऱ्याने जास्त होते. तंबू, कपाट, पोटमाळा, जिन्याखालची बंद जागा इथे मात्र आधी कर्बवायूचा विचार करावा.

5. हवा आली की ओल जाते

ताज्या अळिंबीत दहापैकी नऊ भाग पाणी असते आणि तिच्यावर पाणी रोखून धरणारी जाड साल नसते. टोप्या भरण्याच्या काळात हवेची आर्द्रता 80 ते 90 टक्के लागते, कोंब फुटताना त्याहून थोडी जास्त. बाहेरची हवा आत घ्यावी तर तिच्यात इतकी ओल क्वचितच असते. हवा आणि ओल यांची ही ओढाताण हाच या कामातला खरा पेच.

पाणी कसे उडते ते दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून कळते. वारा पडला की कपडे दमट राहतात, कारण कपड्याला लागून असलेल्या हवेच्या पातळ थरात पाणी साचून राहते. वारा सुटला की तो थर उडून जातो आणि कपडे भराभर वाळतात. अळिंबीभोवतीही असाच थर असतो आणि त्यात ओलीबरोबर कर्बवायूही साचतो. तो थर हलायला हवा, पण संथपणे. खोलीतली हवा 85 टक्के आर्द्र असली तरी टेबलफॅनचा झोत थेट पिशवीवर आला तर पिनहेड सुकून पिवळे पडतात, आणि एकदा सुकलेले पिनहेड पाणी शिंपडून पुन्हा वाढत नाहीत.

बाहेरच्या हवेला किती पाणी पाजावे लागते तेही पाहू. एप्रिलमधल्या पुण्यातल्या दुपारी तापमान 36 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे 8 ग्रॅम बाष्प असते. खोली 26 अंशांवर आणि 85 टक्क्यांवर ठेवायची तर घनमीटरमागे 20 ग्रॅमच्या वर बाष्प हवे. फरक 12 ग्रॅमचा. मघाच्या 20 पिशव्यांसाठी तासाला 17 घनमीटर हवा घेतली तर तासाला 200 ग्रॅम, दिवसभरात जवळपास 5 लिटर पाणी हवेत मिसळावे लागेल. जुलैतल्या रत्नागिरीत 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत 23 ग्रॅम बाष्प आधीच असते. तिथे मिसळण्याचे पाणी शून्य.

हे पाणी अळिंबीवर ओतायचे नसते. खोलीत येणाऱ्या हवेच्या वाटेवर ते ठेवायचे. खिडकीच्या आतल्या बाजूला दुहेरी गोणपाट बांधून ते ओले ठेवले, तर आत येणारी हवा ओलीही होते आणि गारही. गोणपाटाचे खालचे टोक पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवून ठेवले की सारखे पाणी मारावे लागत नाही. जमिनीवर वाळूचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर पसरून तो भिजवणे हा दुसरा उपाय. वाळ्याच्या ताट्याही चालतात, फक्त त्या आठवड्याला उन्हात वाळवाव्या लागतात, नाहीतर त्यांच्यावरच बुरशी धरते.

आर्द्रता मोजायला महागडे यंत्र लागत नाही. दोन साधे तापमापक शेजारी टांगावेत, एकाच्या फुग्याला सुती वात गुंडाळून वातीचे टोक पाण्यात सोडावे. कोरडा 25 आणि ओला 23 अंश दाखवत असेल तर आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास आहे. फरक 4 अंशांवर गेला तर ती 70 टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते, तेव्हा गोणपाट भिजवावे.

ओल जास्त झाली तरी नुकसानच. टोपीवर पाण्याचा पातळ थर तासन्‌तास राहिला की स्यूडोमोनास गटातले जिवाणू वाढतात, टोपीवर पिवळे-तपकिरी, बुळबुळीत डाग पडतात आणि अळिंबी विकण्याजोगी किंवा खाण्याजोगी राहत नाही. पाणी फवारल्यावर दोन-तीन तासांत टोपीचा पृष्ठभाग पुसल्यासारखा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर फवारणी कमी करण्याआधी हवा वाढवून पाहावी. धिंगरीसाठी 100 टक्के आर्द्रतेची स्थिर हवा ही आदर्श परिस्थिती नाही, हे लक्षात ठेवले तर निम्मे रोग टळतात.

6. वाट कुठून, जोर किती

कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, म्हणून तो खोलीच्या तळाशी साचतो असे सर्रास सांगितले जाते. झाकणबंद टबात किंवा पिशवीच्या तळाशी, जिथे हवा हलत नाही, तिथे तो काही प्रमाणात साचतो. म्हणून टबाच्या तळाजवळ भोके पाडणे शहाणपणाचे. पण खोलीत एकदा हवेत मिसळलेला कर्बवायू पुन्हा वेगळा होऊन खाली बसत नाही. माणसाच्या चालण्याने, भिंतींच्या उष्णतेने, पिशव्यांच्या उबेने तो सगळीकडे पसरतो. खोलीत खालून आणि वरून अशा दोन वाटा ठेवायच्या त्या दुसऱ्या कारणासाठी. गरम हवा वर चढते, वरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या बाजूने गार हवा आत येते. समोरासमोरच्या भिंतींत, एका बाजूला जमिनीपासून हातभर उंचीवर आणि दुसऱ्या बाजूला छताखाली अशा वाटा असल्या तर पंख्याशिवायही काम भागते. दोन्ही वाटा एकाच भिंतीत असतील तर आत आलेली हवा लगेच बाहेर जाते आणि खोलीचा दुसरा अर्धा भाग कोंदटच राहतो.

जाळी मात्र दोन्हीकडे हवी. अळिंबीच्या वासाने सायरिड आणि फोरिड जातीच्या बारीक माश्या येतात, काडात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तंतू कुरतडतात. डास अडवणाऱ्या साध्या जाळीतून त्या सहज आत येतात. इंचाला 35 ते 40 छिद्रे असलेली नायलॉनची जाळी लागते. इतक्या बारीक जाळीतून हवा कमी जाते, त्यामुळे जाळी लावल्यावर वाटेचे क्षेत्रफळ दुप्पट करावे. जाळीवर साचलेली धूळ आणि बीजाणू आठवड्यातून एकदा धुऊन काढावेत.

पंखा लावायचाच तर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लावावा. समजा पंख्याच्या खोक्यावर ताशी 200 घनमीटर लिहिले आहे. 20 पिशव्यांना तासाला 17 ते 20 घनमीटर लागतात, म्हणजे तो तासाला पाच-सहा मिनिटे फिरला की झाले. जाळीमुळे जोर घटतो, म्हणून दहा मिनिटे धरावीत. तासाला दहा मिनिटे चालू-बंद करणारा टायमर इथे फार उपयोगी पडतो. सलग चार तास पंखा आणि मग वीस तास बंद खोली, या पद्धतीत आधी ओल जाते आणि नंतर कर्बवायू साचतो, दोन्हीकडून तोटा. आत येणाऱ्या हवेची वाट खुली आणि ओल्या गोणपाटाने झाकलेली असेल तरच एक्झॉस्टचा उपयोग. ती बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो. छताचा पंखा अळिंबी आलेल्या खोलीत लावू नये.

हवा कशी हलते हे डोळ्यांनी पाहायचे तर उदबत्ती पुरते. खिडकी आणि पंखा नेहमीच्या स्थितीत ठेवून पेटती उदबत्ती पिशवीपासून वीतभर अंतरावर धरावी आणि पाच-सहा श्वास थांबावे. धूर सरळ वर चढून छताजवळ घुटमळत राहिला तर त्या जागी हवा मेलेली आहे. धूर आडवा, पट्टीसारखा ओढला गेला तर तिथे झोत आहे, पिनहेड वाळतील. धूर डोलत, हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर ती जागा उत्तम. ही तपासणी प्रत्येक मांडणीच्या वरच्या आणि खालच्या फळीवर, कोपऱ्यात, दोन पिशव्यांच्या मध्ये करावी. कोपऱ्यातल्या पिशव्यांचेच देठ का लांबतात याचे उत्तर बहुधा पहिल्याच फेरीत मिळते.

कर्बवायू मोजणारी उपकरणेही मिळतात. त्यात वायूवर अवरक्त किरण टाकून थेट मोजणारे आणि इतर वासांवरून अंदाज बांधणारे असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारचे स्वस्त यंत्र उदबत्तीच्या वासानेही आकडा वाढवून दाखवते. घ्यायचेच असेल तर पहिल्या प्रकारचे घ्यावे आणि फवारणीच्या पाण्यापासून दूर ठेवावे.

7. गाव आणि ऋतू

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवा मोकळेपणाने घ्यावी. तिथे बाहेरची हवाच ओली असते, काळजी घ्यायची ती टोप्यांवरचे पाणी सुकेल याची. पावसाची झड थेट आत येऊ न देता खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात आणि फवारणी बहुतेक बंद करावी. देशावर, म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर या पट्ट्यात, पावसाळा आणि हिवाळ्याची सुरुवात हा घरच्या धिंगरीचा सोपा काळ. हिवाळ्यात पहाटेची हवा फार गार असते, तेव्हा ती एकदम न घेता सकाळी नऊनंतर घ्यावी. उन्हाळ्यात उलट. दुपारी खिडक्या झाकून ठेवाव्यात, एक्झॉस्ट कमीत कमी चालवावा आणि रात्री ते पहाटेपर्यंत गार हवा भरून घ्यावी. दुपारचे काही तास कर्बवायू मर्यादेच्या थोडा वर गेला तर चालतो, वाळलेले पिनहेड मात्र गेलेच.

विदर्भात आणि मराठवाड्यात मार्च ते जून साध्या खोलीत धिंगरी टिकवणे कठीण. या काळासाठी 30 ते 35 अंशांत येणारी दुधी अळिंबी घेण्यात जास्त शहाणपण आहे. तिला काडावर मातीचा थर द्यावा लागतो. तो थर ओला राहत असल्याने हवा घेताना पिशवीचा पृष्ठभाग तितका लवकर सुकत नाही. अळिंबीच्या जाती आणि लागवडीचे तंत्र यांवर देशात काम करणारी मुख्य संस्था हिमाचल प्रदेशात सोलन येथे 1983 पासून आहे. पण थंड सोलनचे वेळापत्रक जालन्याला जसेच्या तसे लावता येत नाही.

8. अळिंबी पाहून हवा ओळखणे

लांब देठ आणि लहान टोपी दिसली की आधी उजेड तपासावा, कारण अंधारातही देठ लांबतात. दिवसा खोलीत वर्तमानपत्र वाचता येत असेल तर उजेड पुरेसा आहे आणि दोष हवेचा. कोंब एकमेकांत गुंतून प्रवाळासारखे झाले आणि टोप्याच धरल्या नाहीत, तर कर्बवायू बराच जास्त आहे. देठाच्या बुडाशी किंवा टोपीवर पांढरी कापसाळ लव आली, तर हवा ओली आहे पण हलत नाही. ही लव रोग नव्हे, ती अळिंबीचीच बुरशी आहे, आणि अशी अळिंबी खायला हरकत नाही. हिरवा, काळा किंवा नारिंगी रंग दिसला तर मात्र ती दुसरी बुरशी, पिशवी बाहेर काढावी.

टोपीच्या कडा फाटणे, चामड्यासारख्या होणे, पिनहेड पिवळे पडून सुकणे या कोरड्या हवेच्या किंवा झोताच्या खुणा. सगळ्या पिशव्यांवर दिसल्या तर खोलीची आर्द्रता कमी आहे. खिडकीकडच्या एकाच बाजूला दिसल्या तर झोत आहे. अशा वेळी सगळ्या खोलीत पाणी मारण्यापेक्षा ती पिशवी सरकवावी किंवा मध्ये गोणपाटाचा पडदा टांगावा.

हवा सुधारल्यावर आधीच लांबलेले देठ आखूड होत नाहीत. टोप्या थोड्या पसरतात, इतकेच. खरा फरक पुढच्या कोंबांवर दिसतो. पहिली काढणी झाली की दुसरी यायला सात ते दहा दिवस लागतात. मधल्या काळात अळिंबी नसते, त्यामुळे हवा निम्म्यावर आणून पिशवीची ओल जपावी आणि नवे पिनहेड दिसण्याच्या सुमारास ती पुन्हा वाढवावी.

9. बाहेर जाणारी हवा

धिंगरी पिकली की टोपीची कड आधी सपाट होते, मग वर वळते आणि बीजाणू सुटू लागतात. खालच्या पिशव्यांवर, मांडणीवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरट भुकटीचा थर दिसतो. हे बीजाणू श्वासावाटे सतत आत गेल्यास काही जणांना खोकला, ताप, दम लागणे असा त्रास होतो. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांमध्ये हा फुप्फुसाचा विकार ओळखीचा आहे. दमा असलेल्यांनी धिंगरीच्या खोलीत वावर कमीच ठेवावा. काढणी टोपीची कड खाली वळलेली असतानाच करावी. तेव्हा चव आणि वजन चांगले मिळते आणि बीजाणूही कमी सुटतात. उशीर झालेल्या पिशव्या हाताळताना नाकातोंडाला बसणारा एन-95 मास्क लावावा, साधा रुमाल पुरत नाही.

पिशव्यांवरून गेलेली हवा थेट घराबाहेर सोडावी. एक्झॉस्टचे तोंड स्वयंपाकघराकडे, झोपण्याच्या खोलीकडे, सोसायटीच्या बंद जिन्यात किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर नसावे. ताजी हवा घेण्याची खिडकीही या तोंडापासून दूर, शक्यतो दुसऱ्या भिंतीत असावी, नाहीतर बाहेर टाकलेला कर्बवायू आणि बीजाणू परत आत येतात. दोन-तीन काढण्यांनंतर पिशवी हलकी आणि पिवळसर होते. ती घरातच ठेवून दिल्यास माश्या आणि हिरवी बुरशी वाढतात आणि नव्या पिशव्यांच्या हवेत त्यांचे बीजाणू मिसळतात. जुने काड त्याच दिवशी उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा कुंड्यांत टाकावे आणि रिकामी जागा धुऊन, खिडक्या उघडून दोन दिवस वाळू द्यावी.